बायकांच्या कायदेशीर समानतेवरचं भाषण उलगडायचं कसं? शर्ली चिझम यांचं १९७० चं भाषण हातात घेऊन

वक्तृत्व स्पर्धेच्या तयारीसाठी नाहीतर कॉलेजच्या असाइनमेंटसाठी मुलं भाषणाचं विश्लेषण लिहून आणतात ना, त्याचं पहिलं वाक्य जवळपास ठरलेलं असतं, "हे भाषण अत्यंत प्रभावी आहे." मग खाली तीन मथळे, तर्क, भावना, वक्त्याची विश्वासार्हता, प्रत्येकाखाली दोन-दोन ओळी, आणि संपलं. मला यातलं सगळ्यात जास्त काय खटकतं सांगू? त्या भाषणातला समोरचा माणूस कुठेच दिसत नाही. राजकीय भाषण हे कुणाचं तरी मत वळवण्यासाठी केलेलं असतं, आणि ज्याचं मत वळवायचंय त्याच्या मनात काहीतरी आक्षेप असतो. तो आक्षेप शोधायचा, मग भाषण आपोआप उलगडायला लागतं. खाली मी जे सांगणारे ते सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

उदाहरण म्हणून एकच भाषण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरू. शर्ली चिझम यांनी १० ऑगस्ट १९७० ला अमेरिकेच्या हाऊस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हज मध्ये, म्हणजे आपल्या लोकसभेसारख्या सभागृहात, समान हक्क दुरुस्तीच्या बाजूने केलेलं भाषण. छोटंसं आहे, दहा-पंधरा मिनिटांत वाचून होतं, आणि नेटवर सहज मिळतं. मूळ इंग्रजी समोर ठेवा, मी इथे वाक्यांचा भावार्थ माझ्या मराठीत देतेय.

पायरी १: आधी नुसतं वाचा, मोठ्याने

पहिल्या वाचनाला हातात पेन घ्यायचंच नाही. मोठ्याने वाचायचं कारण असं की आवाज कुठे आपोआप चढतो, कुठे सपाट होतो, कुठे धाप लागते हे डोळ्यांना कळत नाही, जिभेला कळतं. हे भाषण वाचताना तुम्हाला पहिल्यांदा थोडं कोरडं वाटेल. हा कायदा, तो कायदा, ज्युरी, पेन्शन, तुरुंगाची शिक्षा, अशी यादीच आहे मधे बराच वेळ. आणि मग शेवटाकडे येता येता अचानक दोन-तीन वाक्यं अशी येतात की आवाज बदलतोच. ती जागा लक्षात ठेवा, तिच्याकडे आपण परत येणार आहोत. कोरडं वाटलं म्हणजे भाषण फसलं असं मात्र ठरवून टाकू नका, कोरडेपणा मुद्दाम असू शकतो.

पायरी २: कोण, कुठे, कधी, आणि नेमकं मागतंय काय

इथे वेळ द्या. बहुतेक जण वक्त्याचं चरित्र विकिपीडियावरून उतरवतात आणि पुढे जातात, पण चरित्रातलं तेवढंच घ्यायचं जे त्या दिवशी त्या खोलीत महत्त्वाचं होतं.

चिझम यांचा जन्म १९२४ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला, आईवडील कॅरिबियनकडून आलेले. बालवाडी आणि पाळणाघराच्या क्षेत्रात काम केलेलं. १९६८ मध्ये त्या निवडून आल्या आणि अमेरिकन संसदेत जाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. (तिकडे संसदेलाच काँग्रेस म्हणतात, आपल्याकडच्या पक्षाशी गल्लत नको.) आता खोली डोळ्यासमोर आणा. ४३५ जागांचं सभागृह, त्यात त्यावेळी बायका १०, आणि कृष्णवर्णीय बाई ही एकटीच. म्हणजे बोलतेय ती बाई, विषय बायकांचा, आणि मत द्यायचंय ते जवळजवळ सगळ्या पुरुषांनी. हे चित्र डोळ्यासमोर नसेल तर पुढचं एकही वाक्य नीट कळणार नाही.

मागणी काय होती? राज्यघटनेत एक दुरुस्ती करा, जिचा आशय एवढाच की कायद्यापुढची समानता कुणालाही लिंगाच्या कारणावरून नाकारता येणार नाही, ना केंद्राला ना कुठल्या राज्याला. मराठी वाचक इथे हमखास अडखळतो, कारण आपल्याकडे १९५० पासूनच कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान असं स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे आपल्याला वाटतं की हे त्यांच्याकडे नव्हतं? नव्हतं. अमेरिकेच्या घटनेत बायकांचा हक्क म्हणून थेट आलेली गोष्ट म्हणजे १९२० ची मतदानाच्या हक्काची दुरुस्ती, बस. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीत सर्वांना कायद्याचं समान संरक्षण आहे, पण ऑगस्ट १९७० पर्यंत तिथल्या सुप्रीम कोर्टाने बाई-पुरुष भेदाच्या कारणावरून एकही कायदा त्याखाली रद्द केलेला नव्हता, तो पहिला निकाल आला नोव्हेंबर १९७१ मध्ये. म्हणजे चिझम बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा जमीन खरोखरच रिकामी होती.

अजून एक गोष्ट. ही दुरुस्ती संसदेत पहिल्यांदा मांडली गेली १९२३ मध्ये. मग ४७ वर्षं काय झालं? बराच काळ ती हाऊसच्या ज्युडिशिअरी कमिटीतच अडकून पडली होती, कमिटीचे अध्यक्ष इमॅन्युएल सेलर तिला पुढेच सरकू देत नव्हते (तेही ब्रुकलिनचेच). शेवटी मिशिगनच्या मार्था ग्रिफिथ्स यांनी डिस्चार्ज पिटिशन नावाचा मार्ग वापरला, निम्म्याहून जास्त सदस्यांच्या, म्हणजे २१८ सह्या गोळा केल्या की विधेयक कमिटीच्या हातातून काढून थेट सभागृहात आणता येतं. त्या सह्या झाल्या म्हणून १० ऑगस्टचा दिवस उजाडला. आता लक्षात येईल की भाषणात उशीर, दिरंगाई, आता वेळ आली हे शब्द परत परत का येतात.

पायरी ३: अख्खं भाषण एका वाक्यात पकडा

दावा आणि मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागणी म्हणजे "दुरुस्तीच्या बाजूने मत द्या." दावा म्हणजे ती मागणी ज्या खांबावर उभी आहे तो खांब. इथे तो सापडायला सोपा आहे कारण चिझम स्वतःच सांगतात की सगळं शेवटी इथे येऊन थांबतं: माणसामाणसातले कृत्रिम भेद कायद्यातून पुसून टाकले पाहिजेत. "कृत्रिम" या शब्दाखाली रेघ मारा. भेद नसतात असं त्या म्हणत नाहीत. शरीरात फरक असतो हे त्या मान्यच करतात, फक्त म्हणतात की बायकांच्या ताकदीची एक मोठी पट्टी आहे, पुरुषांचीही आहे, आणि या दोन्ही पट्ट्या एकमेकींवर बऱ्यापैकी चढलेल्या आहेत, धडधाकट बाई अशक्त पुरुषापेक्षा अंगमेहनतीला जास्त योग्य असू शकते. मग कायद्याने माणूस बघावा, लिंग का बघावं?

पायरी ४: कागदाच्या मधोमध रेघ मारा

ही खरी पायरी. कागदावर उभी रेघ ओढा. डावीकडे तिचं वाक्य, उजवीकडे ते वाक्य कुणाच्या कुठल्या आक्षेपाला उत्तर आहे ते. उजवी बाजू आपण आपल्या अंदाजाने भरायची असते, कधीकधी ती स्वतःच सांगते, कधी सांगत नाही. हे करायला एक-दीड तास लागतो आणि तो कमी करायला जाऊ नका. या भाषणात मला चार मोठे आक्षेप सापडतात.

पहिला, "कायदा करून मनं थोडीच बदलतात?" हा आक्षेप आपल्याकडेही प्रत्येक घरात ऐकू येतो, हुंड्याच्या बाबतीत, मुलींच्या वारसाहक्काच्या बाबतीत. चिझम याला कशा भिडतात ते शब्द-शब्द बघा. आधी म्हणतात हा मुद्दा इथे गैरलागूच आहे. मग म्हणतात, हाच मुद्दा वर्णभेदविरोधी कायद्याच्या वेळी कुणी काढला (आणि पूर्वी काढला गेलाय) तर त्यामागचा पूर्वग्रह इतका उघडा पडेल की लाज वाटेल. आणि मग मान्य करून टाकतात: अर्थातच कायद्याने माणसाच्या काळजातला पूर्वग्रह जात नाही, पण म्हणून तो पूर्वग्रह कायद्यातच जपून ठेवायचा का? तीन हालचाली झाल्या. मधली सगळ्यात धारदार, कारण समोर बसलेल्यांतल्या कितीतरी जणांनी सहाच वर्षांपूर्वी १९६४ च्या सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टला मत दिलेलं होतं, ते स्वतःला त्या बाबतीत सुधारलेले समजत होते. त्यांना थेट नावं न ठेवता त्यांच्याच आधीच्या मताचा आरसा त्यांच्यापुढे धरलाय. विश्लेषणात "तुलना वापरली आहे" एवढंच लिहिलं तर हे सगळं हातातून निसटतं.

दुसरा आक्षेप, कोर्टात गोंधळ माजेल, खटल्यांचा पाऊस पडेल. याचं उत्तर थोडक्यात आहे आणि वकिली आहे, त्यात फार अडकू नका.

तिसरा मात्र नीट समजून घ्या, कारण हा आक्षेप वाईट माणसांचा नव्हता. अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत फक्त बायकांसाठी कामगार कायदे होते, इतक्याच तासांपर्यंत काम, इतकंच वजन उचलायचं वगैरे. हे कायदे जातील म्हणून कामगार संघटना आणि बायकांसाठी झटणाऱ्या कितीतरी बायका स्वतःच या दुरुस्तीच्या वर्षानुवर्षं विरोधात होत्या. चिझम काय म्हणतात? की ज्यांना ओव्हरटाइम करायचाय, जास्त पगाराचं काम हवंय त्या बायकांना या कायद्यांनी अडवलंय हे नक्की, फायदा किती जणींना झाला याचा पटेल असा पुरावा नाही. आणि मग मोठं वाक्य: जी परिस्थिती बायकांना घातक ती पुरुषांनाही घातक, जो पगार बायकांसाठी अन्यायाचा तो पुरुषांसाठीही. म्हणजे संरक्षण काढून घेऊ नका, सगळ्यांना द्या.

इथे तुम्ही स्वतः विचार केलाच पाहिजे, नुसतं टिपून चालणार नाही. आपल्या १९४८ च्या फॅक्टरीज अ‍ॅक्टचं कलम ६६ बायकांना कारखान्यात सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढ्याच वेळात कामाला परवानगी देत होतं, ते चिझम यांच्या चाळणीत टाकून बघा, लगेच कळतं त्या कशाबद्दल बोलतायत. पण दुसरीकडे डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूतीरजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता, ती फक्त बायकांसाठीचीच सवलत होती आणि ती हवीच होती. आपल्या घटनेच्या कलम १५(३) मध्ये तर बायका आणि मुलांसाठी खास तरतूद करायची सोय मुद्दाम ठेवलीय. मग "जे बायकांना घातक ते पुरुषांनाही घातक" हे बाळंतपणाला लागू होतं का? भाषणात याचं उत्तर नाही. माझ्या मते ही या भाषणातली सगळ्यात मोठी मोकळी राहिलेली जागा आहे, आणि ती दाखवून दिली म्हणून भाषण लहान होत नाही.

चौथा आक्षेप सैन्याचा. १९७० म्हणजे व्हिएतनाम युद्ध चालू, सक्तीची भरती चालू, आणि "मग काय मुलींनाही युद्धावर पाठवणार?" हा प्रश्न प्रत्येकाच्या ओठावर. चिझम ओझ्याचं रूपांतर हुकलेल्या संधीत करतात. त्या सांगतात की ऑक्टोबर १९६६ पासून भरतीच्या नेहमीच्या निकषांत न बसणाऱ्या २,४६,००० तरुणांना सैन्यात प्रशिक्षण मिळालं, शारीरिक दोषांवर उपचार मिळाले, त्यांच्या बहिणींना ही दारं बंद आहेत. "बहिणी" हा शब्द बघा, आकड्यांच्या रांगेत एकदम घरातलं माणूस आणून उभं केलं. चाल म्हणून फार हुशार आहे. पण या तरुणांना भरती करून घेणाऱ्या सैन्याच्या योजनेवर पुढे कडक टीका झाली, कारण त्यातली कितीतरी मुलं थेट व्हिएतनामच्या लढाईत ढकलली गेली. भाषण संधीबद्दल बोलतं आणि युद्धाचा शब्दही काढत नाही. विश्लेषण करताना वक्त्याने काय सांगितलं याच्याइतकंच काय वगळलं हेही लिहायचं असतं, वक्ता कितीही आवडता असला तरी.

पायरी ५: प्रत्येक आकडा हातात घेऊन वाजवून बघा

आकडे दोन प्रकारचे असतात, पुरावा देणारे आणि परिणाम साधणारे. पुराव्याच्या आकड्याला विचारायचं, यातून खरंच ते सिद्ध होतं का? उदाहरणार्थ त्या सांगतात की डेलावेअर राज्याने १९६६ मध्ये कामाच्या तासांचा कायदा रद्द केला आणि त्यानंतर कुठल्याही सरकारी खात्याकडे बायकांची तक्रार आली नाही. तक्रार आली नाही म्हणजे त्रास झाला नाही का? आपल्याकडच्या किती बायका तक्रार करतात हे आपल्याला माहीतच आहे. हा पुरावा कच्चा आहे, तसं सरळ लिहा.

आता परिणामाचा आकडा, आणि हा मला या भाषणातला सगळ्यात सुंदर वाटतो. चिझम म्हणतात, या दुरुस्तीचं बळ नसेल तर हे सगळे कायदे बदलायला कदाचित आणखी १९४ वर्षं लागतील. १९४? दोनशे का नाही? वजाबाकी करा. १९७० वजा १९४ म्हणजे १७७६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं वर्ष, सगळी माणसं समान जन्माला येतात असं ज्यात लिहिलंय ते. सभागृहातल्या प्रत्येकाला ही वजाबाकी न करताच कळली असणार, जशी आपल्याला १९४७ ची कळते. आणि बरोबर याच्याच पुढच्या ओळीत त्या राष्ट्र घडवणाऱ्या थोर पूर्वजांकडे वळतात. त्यांनी समान संधीचं तत्त्व तोंडाने मांडलं, पण आपल्या मुलांसाठी जशी त्याची खात्री करायचा प्रयत्न केला तशी मुलींसाठी केली नाही. ते संविधान गोऱ्या पुरुष नागरिकांच्या हक्कांसाठी लिहिलं गेलं. त्या राष्ट्रपित्यांमध्ये जसा कुणी कृष्णवर्णीय नव्हता तशा राष्ट्रमाताही नव्हत्या, आणि दोन्ही गोष्टींची खंत वाटते.

पहिल्या वाचनात आवाज चढला होता तो इथे. कोरड्या यादीनंतर हे आलं म्हणून ते लागतं. एका आकड्याने दार उघडलं आणि मग आत पाऊल ठेवलं.

पायरी ६: वक्ता स्वतःला कुठे ठेवतो?

संपूर्ण भाषणात चिझम स्वतःची गोष्ट सांगत नाहीत. "मला वाटतं" असं एक-दोनदा येतं, पण माझ्यावर काय बेतलं ते कुठेच नाही. आणि हे त्यांच्याकडे सांगण्यासारखं नव्हतं म्हणून नाही! याच विषयावर, याच सभागृहात, २१ मे १९६९ ला त्यांनी आणखी एक भाषण केलं होतं, त्यात त्या उघडपणे म्हणाल्या होत्या की राजकारणात मला काळी म्हणून जितका भेदभाव सोसावा लागला त्याहून कितीतरी जास्त वेळा बाई म्हणून सोसावा लागला. दोन्ही भाषणं शेजारी ठेवा. १९६९ मध्ये लक्ष वेधायचं होतं, १९७० मध्ये त्याच दिवशी मतदान होतं. माझा अंदाज असा की मतदानाच्या दिवशी त्यांना कुणाला "हा त्या बाईचा वैयक्तिक प्रश्न" असं म्हणायची फटसुद्धा ठेवायची नव्हती, म्हणून कायदे, कलमं, आकडे. एकच "राष्ट्रमाता" वालं वाक्य सोडलं तर. आणि ते वाक्य म्हणायला समोर एक कृष्णवर्णीय बाई उभी होती, तिला स्वतःबद्दल वेगळं काही सांगायची गरजच उरली नाही.

एक शंका मात्र मला राहते. सुरुवातीला त्या म्हणतात की वर्णभेदावर निदान पद्धतशीर हल्ला तरी चालू आहे, आणि जुनी पिढी जाईल तसा तो मरायला लागेल अशी आशा आहे. बायकांचा प्रश्न पुढे आणण्यासाठी दुसरा प्रश्न जरा हलका केला असं मला ते वाचताना प्रत्येक वेळी वाटतं. तुम्हाला नसेल वाटत तर का नाही ते लिहा.

पायरी ७: शेवट तपासा

"आज, इथे, सुरुवात करायला हवी" अशा अर्थाचं वाक्य येतं आणि वाटतं संपलं. पण नाही, त्यानंतर लिओ कॅनोविट्झ या कायद्याच्या अभ्यासकाचं लांब अवतरण येतं. ऐकायला हा शेवट मला कमजोर वाटतो, चढलेला आवाज खाली येतो. पण संसदेतली भाषणं अधिकृत नोंदीत छापली जातात आणि पुढे कोर्टही ती वाचतं, कायदा करणाऱ्यांचा हेतू काय होता हे शोधायला, तेव्हा छापील वाचकासाठी तो शेवट असू शकतो. एका भाषणाचे श्रोते दोन असू शकतात हे विसरू नका.

पायरी ८: निकालावरून भाषण मोजू नका

"या भाषणामुळे कायदा झाला" असं वाक्य दिसलं की मी तिथेच थांबवते. त्या दिवशी हाऊसने दुरुस्ती मोठ्या बहुमताने मंजूर केली हे खरं, पण सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या दुसऱ्या सभागृहात, ती त्या वर्षी अडकली. दोन्ही सभागृहांतून ती गेली मार्च १९७२ मध्ये. मग ३८ राज्यांची मान्यता हवी होती, वाढवून दिलेली मुदत १९८२ मध्ये संपली तोवर ३५ राज्यं झाली. ३८ वं राज्य, व्हर्जिनिया, आलं २०२० मध्ये, पण मुदतीचा वाद मिटलेला नाही आणि ती आजही अधिकृतपणे घटनेत छापलेली नाही. भाषण चांगलं की वाईट हे त्या दिवशी, त्या खोलीत, त्या आक्षेपांना ते कसं भिडलं यावरून ठरवायचं.

आता लिहायला बसा

परिच्छेद कसा असावा याचा नमुना देते. असा नको: "वक्तीने तर्काचा आणि आकडेवारीचा प्रभावी वापर केला आहे." असा चालेल: "सैन्यभरतीची भीती खोडून काढायला चिझम २,४६,००० तरुणांचा आकडा देतात आणि लगेच त्यांच्या बहिणींचा उल्लेख करतात, त्यामुळे सक्ती वाटणारी गोष्ट नाकारलेली संधी वाटू लागते, मात्र ज्या काळात हे तरुण युद्धावर जात होते त्या काळात ही मांडणी ऐकणाऱ्या आईबापांना कितपत पटली असेल हा प्रश्न राहतो." आक्षेप काय, उत्तर काय, कुठल्या शब्दाने साधलं, आणि कुठे अपुरं पडलं, चारही गोष्टी एका परिच्छेदात आल्या. असे पाच-सहा परिच्छेद झाले की विश्लेषण झालं, चारही आक्षेप सारख्या लांबीचे असायची काही गरज नाही.

हे जमलं की पुढचं भाषण मराठी माणसाने घ्यावं असं मला मनापासून वाटतं ते म्हणजे डॉ. आंबेडकरांचं राजीनाम्याचं निवेदन, १० ऑक्टोबर १९५१. हिंदू कोड बिल रखडलं हे त्यातलं एक मोठं कारण. त्यात ते म्हणतात की वर्गावर्गातली आणि स्त्री-पुरुषांमधली विषमता तशीच ठेवून आर्थिक प्रश्नांवर कायदे करत राहणं म्हणजे शेणाच्या ढिगावर राजवाडा बांधणं. आधी प्रत मागितली गेली म्हणून ते निवेदन त्यांनी सभागृहात केलंच नाही, बाहेर येऊन वर्तमानपत्रांना दिलं. तेव्हा कागदावर उभी रेघ मारा, डावीकडे राजवाड्याचं वाक्य लिहा, आणि उजवीकडे काय लिहायचं ते ठरवण्याआधी बघा की त्याचे श्रोते आता कोण झालेत, सभागृहातले खासदार की दुसऱ्या दिवशी पेपर उघडणारा माणूस.